शंका घेणाऱ्या माणसांशी बोलताना : आमची वाटचाल

वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याच्या शेडमध्ये माग टाकले, तेव्हा टेरी टॉवेलचा व्यवहार तोंडी शब्दावर आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीवर चालत असे. व्यापारी गठ्ठा सोडून टॉवेल हातात घ्यायचा, पाइल, म्हणजे वर उठलेले धाग्यांचे फासे, चोळून पाहायचा आणि भाव ठरायचा. पुढे आम्ही अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आलो, हॉटेले आणि रुग्णालये यांच्या ऑर्डरी घेऊ लागलो, आणि टेबलापलीकडे वेगळ्या घडणीची माणसे दिसू लागली. ती फारशी बोलत नाहीत, स्तुतीला प्रतिसाद देत नाहीत आणि प्रत्येक विधानावर ‘हे कशावरून?’ असे विचारतात. आमच्या व्यवसायाला शिस्त लागली ती मुख्यतः या माणसांमुळे, असे मी मानतो.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण चिकित्सक खरेदी अधिकाऱ्यासमोर केवळ त्या आधारावर बोलणे पुढे जात नाही, कारण मानांकन उत्पादनाच्या परंपरेविषयी सांगते, त्याच्यापुढे ठेवलेल्या लॉटविषयी नाही. म्हणून ‘एक नंबर माल’, ‘पक्का रंग’ असे शब्द आम्ही कोटेशनमधून काढून टाकले. रंगाचा पक्केपणा 1 (सर्वांत कच्चा) ते 5 (सर्वांत पक्का) या ग्रे स्केलवर मोजतात. त्यावर धुलाईनंतर आमचा नमुना कोठे बसला आणि चाचणी कोणत्या तापमानाला केली, एवढेच आम्ही लिहितो.

एका मे महिन्यातील प्रसंग येथे सविस्तर सांगावासा वाटतो. एका हॉटेल समूहाचे गुणवत्ता अधिकारी आमच्या शेडमध्ये आले, त्यांनी गोल कटरने 100 चौरस सेंटिमीटरचे तुकडे कापले आणि तराजूवर ठेवले. ठरलेले वजन 500 जीएसएम (दर चौरस मीटरला 500 ग्रॅम) होते, म्हणजे तुकडा 5 ग्रॅमचा भरायला हवा होता, तो 4.8 च्या आसपास भरत होता. ‘साहेब, उन्हाळ्यात असं होतंच’ हे वाक्य आमच्या विक्री प्रतिनिधीच्या ओठांवर आले होते. ते खरेही होते, पण पुराव्याशिवाय ते सबबीसारखेच ऐकू आले असते. आम्ही त्यांना कारण आकड्यांत मांडून दाखवले. कापूस हवेतील ओलावा धरून ठेवतो, आणि प्रमाणित हवेत, म्हणजे 65 टक्के सापेक्ष आर्द्रता व 27 अंश सेल्सिअस तापमानात, हा ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के धरला जातो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो 5 टक्क्यांवर उतरला, तर 500 जीएसएमचा तोच टॉवेल सुमारे 484 भरतो. त्यानंतर तेच तुकडे प्रमाणित हवा राखणाऱ्या प्रयोगशाळेत ठेवून पुन्हा तोलण्याचा प्रस्ताव आम्ही मांडला, आणि तुकडे त्यांनीच निवडून सीलबंद करावेत असे सुचवले.

अहवाल आला तेव्हा बहुतेक तूट भरून निघाली होती. एका मागावरचा माल मात्र 490 च्या खालीच राहिला. तो करारातील 5 टक्के सूटमर्यादेत बसत होता, तरी आम्ही पत्रात त्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात केला. ओलाव्याचे कारण कोठपर्यंत लागू पडते आणि कोठे पडत नाही हे आम्ही स्वतःहून लिहिले, यामुळेच त्यांनी उरलेले विवेचन मान्य केले, अशी माझी खात्री आहे.

माणसांचे स्वभावप्रकार सांगणारी ‘डिस्क’ ही पद्धत आम्हाला एका प्रशिक्षणात शिकवली गेली. विल्यम मार्स्टन यांनी 1928 मध्ये मांडलेल्या चार प्रकारांवर ती आधारलेली असून, तिच्यातील ‘सी’ प्रकार काटेकोर, पुरावा पाहणाऱ्या माणसाचा समजला जातो. ओळखीपुरती ती उपयोगी आहे, पण माणसावर शिक्का मारणे मला पटत नाही. वजनाबाबत इतके कडक असलेले हेच अधिकारी डिलिव्हरीच्या तारखेबाबत बरेच समजूतदार होते.

कारखान्याच्या आतही हेच लागू पडते. आमचे डाईंग मास्तर नव्या रसायनाला लगेच होकार देत नाहीत, आणि भर बैठकीत त्यांना ‘काय मास्तर, करायचं ना?’ असे विचारले तर उत्तर नकारार्थीच येते. त्यामुळे आता कागद त्यांच्याकडे आदल्या दिवशी जातो, सोबत लॅब डिपचे, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवून पाहिलेले, तुकडे आणि प्रति किलो खर्चाचा हिशेब असतो. बैठकीत एवढेच विचारले जाते, ‘मास्तर, यातला कोणता आकडा तुम्हाला पटत नाही?’ ते थांबून विचार करू लागले की मध्ये कोणी बोलायचे नाही, हे तरुण सहकाऱ्यांना मुद्दाम सांगावे लागते. शांतता भरून काढण्यासाठी केलेली बडबड अशा माणसाला दडपण वाटते.

मे महिन्यातील त्या व्यवहारानंतर आमच्या प्रत्येक लॉटच्या तक्त्यात वजनाशेजारी तोलतेवेळची आर्द्रता आणि तापमान नोंदवले जाते. हा रकाना सुरू झाल्यावर मास्तरांनी विचारले, की आर्द्रतामापकाची तपासणी कोण करतो. आता त्या यंत्राच्या कॅलिब्रेशनचा दाखला तक्त्याला जोडलेला असतो.