आवृत्ती 4 चे नियोजन: आधी काय काढायचे ते ठरले

सांगली-मिरजेतील आम्ही काही जण नोकरी-व्यवसाय सांभाळून जे मुक्तस्रोत पीएचपी फ्रेमवर्क (पीएचपी या भाषेत संकेतस्थळे बांधण्याचा तयार सांगाडा) चालवतो, त्याच्या आवृत्ती 4 चा आराखडा या महिन्यात निश्चित झाला. सुरुवातीच्या चर्चेत नव्या सुविधांची यादी बरीच वाढली होती. परंतु नवी सुविधा 3.7 किंवा 3.8 मध्येही देता येते, मोठ्या क्रमांकाची गरज असते ती जुने काही मोडावे लागते तेव्हाच. म्हणून सुविधांची यादी बाजूला ठेवून, जे मोडल्यावाचून पुढे जाता येत नाही तेवढेच आवृत्ती 4 मध्ये घ्यायचे, असे ठरवले. अशा तीन गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट पीएचपी भाषेनेच आपल्यावर आणली आहे. आपला कंट्रोलर, म्हणजे पानाची मागणी हाताळणारा भाग, डेटाबेस, सेशन वगैरे वस्तू क्लासमध्ये आधी जाहीर न केलेल्या प्रॉपर्टींमध्ये (क्लासच्या चलांमध्ये) ठेवतो. पीएचपी 8.2 पासून ही पद्धत कालबाह्य ठरवून इशारा दिला जातो आणि पीएचपी 9 मध्ये तिचा थेट एरर होणार आहे. इशारा दडपण्याची सोय भाषेत आहे, पण तिच्यावर नवी आवृत्ती उभारणे मला पटत नाही. आवृत्ती 4 मध्ये लागणारी प्रत्येक वस्तू कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमधून, मागून घ्यावी लागेल. हा बदल कंटाळवाणा असला तरी यांत्रिक आहे आणि रेक्टर या कोड आपोआप बदलणाऱ्या साधनासाठी नियम लिहून त्याचा बराच भाग आपोआप करता येतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आजपर्यंत टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) छापलेला मजकूर जसाच्या तसा पानावर जातो, आणि एस्केप करण्याची, म्हणजे '<' सारखी चिन्हे निरुपद्रवी रूपात बदलण्याची, जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहते. एक जागा सुटली की कोणीही पानात स्क्रिप्ट घुसवू शकतो. रेल्स या रुबी भाषेतील फ्रेमवर्कने 2010 मध्ये आवृत्ती 3.0 आणताना एस्केप करणे हेच गृहीत धरले. आपणही तेच करणार आहोत. अडचण अशी, की ज्यांनी काळजीपूर्वक सगळीकडे एस्केप केले आहे त्यांच्याच पानांवर मजकूर दोनदा एस्केप होईल आणि '&' च्या जागी '&' असा विचित्र अक्षरसमूह उमटेल. कोणताही एरर न येता पान बिघडेल, म्हणून या बदलाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. यावर उपाय म्हणून एस्केप फंक्शन यापुढे साधी स्ट्रिंग न देता 'सुरक्षित' अशी खूण असलेला ऑब्जेक्ट देईल, आणि ती खूण दिसली की टेम्प्लेट पुन्हा हात लावणार नाही. मात्र मिळालेले मूल्य स्ट्रिंगच आहे का, असे तपासणारा कोड या ऑब्जेक्टला नाकारेल. त्यामुळे हे वर्तन टेम्प्लेटच्या आतच मर्यादित ठेवले आहे.

तिसरी गोष्ट मराठी वापरणाऱ्यांच्या थेट जिव्हाळ्याची आहे. 'नाव जास्तीत जास्त 30 अक्षरांचे असावे' असा नियम लिहिला, तर आपला व्हॅलिडेटर (भरलेली माहिती तपासणारा भाग) आजवर बाइट मोजत आला आहे. यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. 'सांगली' या शब्दात काना, अनुस्वार आणि वेलांटी धरून 6 चिन्हे, म्हणजे 18 बाइट आहेत. वाचणाऱ्याला मात्र सां, ग आणि ली ही 3 अक्षरेच दिसतात. वापरणाऱ्याला दिसते तेच मोजावे, हे उघड आहे. परंतु मायएसक्यूएल या डेटाबेसचा व्हारकॅर (मजकुराचा) स्तंभ चिन्हे मोजतो, दिसणारी अक्षरे नव्हे. त्यातच युनिकोड या सर्व लिप्यांच्या मानकाच्या 2023 च्या 15.1 आवृत्तीत भारतीय लिप्यांतील जोडाक्षरांचा नियम बदलल्यामुळे, 'कृष्णा' हा शब्द जुन्या लायब्ररीत 3 आणि नव्या लायब्ररीत 2 अक्षरांचा ठरतो. एकाच नियमावर ही दोन्ही कामे टाकणे चूक ठरेल. म्हणून आवृत्ती 4 मध्ये दिसणाऱ्या लांबीचा आणि साठवणीच्या लांबीचा असे दोन स्वतंत्र नियम असतील, आणि जुने नाव काढून टाकले जाईल, म्हणजे प्रत्येकाला आपल्याला नेमके काय मोजायचे आहे हे ठरवावेच लागेल.

राउटर (कोणत्या पत्त्यावर कोणते पान द्यायचे ते ठरवणारा भाग) आणि डेटाबेसचा स्तर नव्याने लिहावा, अशी सूचना आली होती. ती मान्य केलेली नाही. अँग्युलर या वेब-फ्रेमवर्कची आवृत्ती 2 ही 2016 मध्ये जुन्याशी नाते तोडून आली, तेव्हा जुने प्रकल्प चालवणाऱ्यांना किती यातायात करावी लागली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. पीएचपी 6 चे युनिकोडसाठी अंतरंग बदलण्याचे काम तर सोडूनच द्यावे लागले आणि 2015 मध्ये थेट पीएचपी 7 आले. मला सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचा मार्ग अनुकरणीय वाटतो. तेथे 6.4 आणि 7.0 या आवृत्त्या नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच वेळी आल्या, सुविधा दोन्हींत सारख्याच होत्या, आणि 7.0 मधून फक्त आधी इशारा दिलेला जुना कोड काढलेला होता. आपली 3.9 आणि 4.0 याच पद्धतीने एकत्र येतील. 3.9 वर सर्व इशारे मिटले, तर 4.0 वर जाताना काही मोडू नये, ही आपण स्वतःला घातलेली अट आहे.

प्रकाशनासाठी जून ते सप्टेंबर हे महिने वर्ज्य ठेवले आहेत. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी दाखवणारे एक स्वयंसेवी पान आपल्या फ्रेमवर्कवर चालते. 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 फुटांची धोका पातळी यांच्या दरम्यान पाणी असताना ते पान किती जण पुन्हा पुन्हा उघडतात, हे 2019 चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना सांगावे लागत नाही. त्या काळात कोणालाही अद्ययावत करण्याची घाई करावी लागू नये, म्हणून दोन्ही आवृत्त्या दिवाळीनंतर येतील आणि 3.9 ला पुढील दोन पावसाळे पार पडेपर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतील.

कन्स्ट्रक्टरचे रेक्टर-नियम तयार असून त्यांची चाचणी सुरू आहे, लांबीचे दोन्ही नियम मुख्य शाखेत (कोडच्या मुख्य प्रतीत) आले आहेत. एस्केपचे काम सध्या वेगळ्या शाखेवर ठेवले आहे. ज्यांच्याकडे जुनी, हाताने एस्केप केलेली टेम्प्लेट्स असतील त्यांनी ती त्या शाखेवर चालवून पाहावीत आणि दोनदा एस्केप झालेली प्रत्येक जागा मूळ टेम्प्लेटच्या ओळीसह कळवावी. शाखा मुख्य प्रवाहात घेण्याचा निर्णय त्या नोंदी पाहूनच होईल.