पंखाचे टाके

मंगळवार, रात्र

आज पंखाला टाके घालायला सुरुवात झाली. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आल्यात, बोटांचा मेणाचा वास साबणानंही जात नाही, आणि डोळा काही लागत नाही. म्हणून वही काढली.

पंख पुष्पकचा आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात तयार झालेलं हे दोघांच्या बसायचं विमान पहिल्यांदा उडालं 1958 साली. पुढं कित्येक वर्षं देशभरातल्या फ्लाइंग क्लबांतली पोरं यावरच उडायला शिकली. याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे होते, आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला, हवेच्या प्रवाहाचं शास्त्र उभं करणाऱ्या प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले आणि त्यांनी आखलेलं एचटी-2 हे विमान 1951 मध्ये उडालं. शाळेच्या पुस्तकात हे नाव ठळक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमचं पुष्पक आता उडणार नाही. सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते पोरांना शिकण्यासाठी ठेवायचं आहे. पंखांवरचं कापड पार जीर्ण झालं होतं. कराडचे एक काका, ज्यांची सगळी नोकरी अशी विमानं उघडण्यात आणि पुन्हा जोडण्यात गेली, ते या कामावर आले. त्यांना शिलाईतलं माणूस हवं होतं. माझं दुकान विश्रामबागेत, कॉलेजच्या वर्कशॉपचे ॲप्रन मीच शिवते, तेव्हा निरोप माझ्याकडं आला.

पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "ताई, विमानाला हवेत कोण उचलतं?"

"पंख."

"पंखातलं काय?"

मी आतल्या लाकडाकडं, पत्र्याकडं बघत राहिले. त्यांनी फाटक्या कापडावर बोट ठेवलं. "हवेला पहिला हात हे लावतं. कापड रिबला ओढतं, रिब स्पारला, स्पार विमानाला." रिब म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, स्पार म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारा कणा.

तेव्हापासून हा विचार डोक्यातून गेलेला नाही. पुष्पक माणसं आणि पेट्रोल धरून 600 किलोंच्या पुढं जातं. दोन्ही पंख मिळून क्षेत्रफळ साधारण 16 चौरस मीटर. भागाकार केला तर पंखाच्या दर चौरस मीटरवर 37-38 किलो भार येतो. तोही सरळ उडताना. 60 अंशांत कलून, उंची न सोडता वळण घेतलं तर दुप्पट. आणि हा भार सगळा खालून वर ढकलणारा नसतो. पंखाच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी होतो, त्यामुळं वरचं कापड वर ओढलं जातं, रिबपासून सुटून फुगायला बघतं. ते फुगलं की पंखाचा आकार बिघडला, आणि आकार बिघडला की उचल गेली. म्हणून टाके. वरच्या कापडातून सुई आत घालायची, रिबच्या कडेनं खालच्या कापडातून बाहेर काढायची, रिबच्या दुसऱ्या कडेनं परत वर, आणि गाठ. वरचं कापड, रिब, खालचं कापड, तिन्ही एका दोऱ्यात.

आज पंख घोडीवर उभा केला होता, पुढची कड जमिनीकडं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझ्या दुकानातली मोठी पोरगी. सुई हातभर लांब, सरळ. मी ढकलायची, ती पलीकडून ओढून रिबच्या दुसऱ्या बाजूनं परत पाठवायची. एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, नुसता आवाज. "आली?" "आली." "सोडू?" "थांब, वाकडी आलीय." दुपारपर्यंत बोलायचीही गरज उरली नाही, सुईच्या टोकावरच्या दाबावरून कळायला लागलं.

दोरा मेणाचा आहे. मेण महाबळेश्वरकडचं, मधाच्या पोळ्यांचं. मेण लावलेला दोरा गाठीत सरकत नाही, ओल धरत नाही आणि कापडाला कापत नाही. रिबवर आधी जाड नाडीची पट्टी ठेवायची आणि टाका तिच्यावरून घ्यायचा, नाहीतर ताण आला की दोरा कापडात सुरीसारखा घुसतो. गाठ मासे धरायच्या जाळ्याची, थोडी बदललेली. ती पट्टीच्या मधोमध यायला नको, रिबच्या कडेला बसवायची, म्हणजे वरून पट्टी चिकटवल्यावर उंचवटा राहत नाही. जुनं कापड उतरवताना मी आधीच्या कुणाच्या तरी गाठी बघितल्या होत्या. एकूण एक गाठ कडेला बसलेली, एका रेषेत, शेपटं सारख्या लांबीची कापलेली. कोण कारागीर होता किंवा होती, कुठल्या क्लबात, काही माहीत नाही. पण हात फार चांगला होता.

टाक्यांमधलं अंतरही मनानं ठरवायचं नसतं. पुढच्या फिरत्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, झोतात येणाऱ्या भागात, म्हणजे विमानाच्या अंगालगत, टाके जवळजवळ. बाहेर टोकाकडं थोडे विरळ. विमान जितकं वेगाचं तितके टाके दाट. काकांनी रिबवर पेन्सिलीनं खुणा करून दिल्यात.

शुक्रवार

आज फार काम नाही, वीज नव्हती. कापडाची गोष्ट लिहायची राहिली होती ती लिहिते.

आता जगभर पंखांना पॉलिएस्टर लावतात. ते इस्त्रीनं आकसतं, आधी 120 अंशांवर, मग 175 च्या आसपास, आणि इस्त्रीचं तापमान तपासून घ्यावं लागतं, कारण त्याहून फार वर गेलं तर कापड ताण सोडतं आणि शेवटी वितळतं. टिकाऊ आहे, सोयीचं आहे. पण सुती कापड डोपनं, म्हणजे वाळताना आवळणाऱ्या लेपानं, कसं ताणलं जातं हे पोरांना डोळ्यांनी दिसावं, म्हणून आम्ही सुती घेतलं. जुन्या नियमात विमानाच्या सुती कापडाला इंचाला किमान 80 धागे लागतात, उभे आणि आडवे दोन्ही, आणि एक इंच रुंदीच्या पट्टीनं 80 पाउंड, म्हणजे 36 किलो, पेलले पाहिजेत. वापरात ते 56 पाउंडांच्या खाली उतरलं की ते कापड काढायचं.

इचलकरंजी काय लांब आहे! मी आणि काका गेलो. एका मागवाल्यानं रीड-पीक, म्हणजे इंचातले उभे-आडवे धागे, विचारलं, मी 80 बाय 80 म्हणाले, तो म्हणाला, "शर्टिंग हवंय का?" काका म्हणाले, "विमानाला." तो हसला नाही. उठला, आतून तागा आणला, भिंग ठेवून आमच्यासमोर धागे मोजले. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. दुकानात आणून इंचभर पट्टी टांगून वजनं लावली, 27 किलोंच्या पुढं तुटली. नव्या कापडाचा 36 चा नियम तिला गाठता आला नाही, म्हणजे उडत्या विमानाला हे कापड कुणी लावू देणार नाही, आणि लावूही नये. न उडणाऱ्याला ते पुरतं. जुन्या कापडातून मात्र अंगठा आरपार जात होता.

दोन पन्ने जोडताना दुहेरी दुमडीची शिलाई घातली, जीन्सच्या पायाला असते तीच. जोड पुढून मागं जाणारा, हवेच्या दिशेनं. उभा धागाही त्याच दिशेनं. पंखाच्या मापाची पिशवी शिवून चढवली आणि टोकाकडची उघडी बाजू वाकड्या सुईनं हातानं बंद केली. मग पाणी शिंपडून सुरकुत्या बसवल्या.

पण त्याच्या आधी उघडा पंख. तो आठवडा मला सगळ्यात आवडला. आत कुंभारमाशीची मातीची घरटी, उंदरांनी कुरतडून केलेलं गादीसारखं काहीतरी. उंदराचं मूत ॲल्युमिनियम खातं, हे काकांनी एका रिबवर पांढरी भुकटी खरवडून दाखवलं. खाली पत्रा खड्ड्याखड्ड्यांचा झालेला. तो भाग बदलला. आत तिरप्या तारा असतात, फुलीसारख्या. त्यांच्या ताणावर पंख काटकोनात राहतो. काकांनी लांब पट्टीनं एकेका चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजले आणि दोन्ही सारखे येईपर्यंत तारा कसल्या. कापड लावल्यावर यातलं काहीही दिसणार नाही, म्हणून जे बघायचं ते आत्ताच.

कॉलेजच्या समितीतले एक गृहस्थ बघायला आले होते. म्हणाले, एवढं कशाला, उडणार तर नाही, कडेनं चिकटवून टाका, वर्धापनदिनाच्या आत झालं पाहिजे. मला राग आला. पोरं यावरच शिकणार. चिकटवलेला पंख बघून शिकलेलं पोरगं उद्या खऱ्या विमानापाशी उभं राहील तेव्हा त्याच्या डोक्यात काय असेल? काकांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, चुकीचा पंख ठेवण्यापेक्षा सांगाडा ठेवा." गृहस्थ गेले. तारीख मात्र सोडून गेले.

रविवार

डोपचा पहिला हात टाक्यांच्या आधीच दिला होता. हा डोप म्हणजे द्रावकात विरघळवलेलं सेल्युलोज नायट्रेट, कापसात असतं त्याच सेल्युलोजपासून केलेलं. ते धाग्यात मुरतं आणि वाळताना कापडाला आवळतं. पहिला हात ब्रशनं घासून, कापडाच्या विणीत उतरेल असा. शेडच्या दारावर काकांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, विडी-काडी बंद, मोबाइलचा चार्जरसुद्धा बाहेर. नायट्रेट डोप भयंकर पेट घेतो. या गोष्टीत ते कुणाचंच ऐकत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

वाळलेल्या पंखावर बोटानं टिचकी मारली. मिरजेत माझं माहेर, घराशेजारी तबले मढवायचे. वादी आवळत आणली की शाईवर टिचकी मारून कान लावायचे. तोच आवाज. पंखाच्या प्रत्येक दोन रिबांमधला सूर थोडा वेगळा. अंतर कमी तिथं चढा. मी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत टिचक्या मारत गेले, आणि एका जागी आवाज बसका आला. काकांनी विजेरी लावून बघितलं, तिथं मागच्या कडेला कापड पुरतं चिकटलेलं नव्हतं. सोडवून पुन्हा ओढून बसवलं. फार आवळणंही वाईट, असं ते म्हणाले. डोपचे जास्त हात दिले तर कापड इतकं ओढतं की मागची पातळ कड रिबांच्या मधे आत वाकते.

दुपारी वळीव आला. विजा, गारा, मग तासाभरात ऊन, आणि हवा चिकट. पोरांनी विचारलं, आता दुसरा हात द्यायचा ना? काका काही बोलले नाहीत. कापड ताणलेली एक लाकडी चौकट सरावासाठी होती, ती पुढं ओढली आणि तिच्यावर डोप फिरवला. सगळे बघत होते. मिनिटाभरात त्या चकचकीत ओल्या थरावर दुधासारखे पांढरे डाग उमटले आणि पसरत गेले. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार करतो; हवा दमट असली की त्या गारव्यावर पाणी जमतं, आणि पाण्यामुळं सेल्युलोज नायट्रेट द्रावणातून वेगळं होऊन फुटतं. तो पांढरा थर नुसता कुरूप नसतो, त्याला ताकद नसते. वाळल्यावर काकांनी नखानं खरवडला, भुगा निघाला.

मग एका पोरानं स्वतःच सांगितलं, "म्हणजे पावसाळ्यात नाही."

पावसाळ्यात नाही. सांगलीत जून लागला की कृष्णेवरनं येणारी ओल भिंतीत मुरते, तिथं डोप कुठला वाळणार. अजून बरेच हात बाकी आहेत. टाक्यांवर कातरलेल्या कडांच्या पट्ट्या, मग ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेले रुपेरी हात. तो रुपेरी थर दिसायला छान म्हणून नसतो. उन्हातले अतिनील किरण सुती धाग्याला खातात, भुकटी त्यांना अडवते. त्यावर शेवटी रंग. हे सगळं आता दसऱ्यानंतरच, कोरडी हवा लागल्यावर. वर्धापनदिन तोवर होऊन जाईल.

बुधवार

कॉलेजनं ऐकलं. प्राचार्य स्वतः आले, ती पांढरी पडलेली चौकट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, काम तुमच्या हवेनं चालू द्या. एवढंच नाही, काकांनी सुचवलेलंही मान्य झालं. डावा पंख पूर्ण मढवायचा. उजव्या पंखाचा टोकाकडचा भाग उघडा ठेवायचा, म्हणजे रिब, तारा आणि शेजारच्या कापडावरचे टाके एकत्र दिसतील. तो उघडा भाग जिथं संपतो तिथले टाके दोन मुली आणि एक मुलगा घालणार आहेत. त्यातली एक मुलगी पलूसची. तिची गाठ पहिल्यापासूनच कडेला बसते, शिकवावं लागलं नाही. तिला मी माझी एक लांब सुई देऊन टाकली.

खालच्या बाजूला पाणी निचरायची भोकं पाडून त्यांना कड्या बसवायचं काम आज झालं. न उडणाऱ्या विमानालाही ती लागतात. आत दव साचतं, आणि साचलं की कुजवतं.

संध्याकाळी ऑफिसातून विमानाशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर तपासायला आला. वजन, लांबी, इंजिन कॉन्टिनेंटल 90 अश्वशक्ती, सगळं नीट होतं. शेवटी लिहिलं होतं, "आवरण : सुती कापड." मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "भार वाहणारे भाग : कापड, टाके, रिब, स्पार." कागद काकांना दिला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि माझ्या पेननं शेवटी जोडलं, "आतल्या तारा."