तीस किलोची बोट, तीन नॉटचा वारा

रविवारी सकाळी सव्वानऊला गाडी लावली तेव्हा सेलिंग क्लबचा झेंडा काठीला ओल्या पंचासारखा चिकटला होता. नवऱ्याने सीटबेल्टही न काढता विचारलं, "मग? घरी जाऊन पोहे?" मी उतरून बोटीवरचं कव्हर सोडायला लागले. मला असाच दिवस हवा होता. नवी बोट वाऱ्यात कशी पळते ते एप्रिलपासून कळत होतं, बऱ्याचदा पाण्यात पडून कळत होतं. वारा नसताना ती काय करते ते बघायचं राहिलं होतं.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. तिथून रटलंड वॉटर गाडीने पाऊण-एक तास. नाव काहीही असो, हे आपल्या भाषेत धरणच. सत्तरच्या दशकात बांधलं, नेदर हॅम्बल्टन नावाचं गाव त्यात गेलं. काठावर नॉर्मंटनचं चर्च आहे. तेही बुडणार होतं, पण लोकांनी ते वाचवलं. खालचा भाग आतून दगडांनी भरून टाकला आणि वरचा तेवढा ठेवला, त्यामुळे ते पाण्यात कमरेएवढं उभं राहिल्यासारखं दिसतं. त्याच्या बाजूने बोट नेताना मला दरवेळी उजनीतलं पळसदेवचं देऊळ आठवतं. ते पाणी उतरलं की वर येतं, हे बारा महिने वरच.

तर नवी बोट. नवी म्हणजे मला नवी, घेतली सेकंडहँडच. आरएस एरो, एकट्याने चालवायची शिडाची बोट, शीड साधारण सात चौरस मीटरचं. २०१४ मध्ये बाजारात आली. तिचा रेखाटनकार जो रिचर्ड्स, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये फ्लाइंग डचमन वर्गात कांस्यपदक मिळवलेला. चार मीटर लांब, डोलकाठी कार्बनची, आणि नुसत्या सांगाड्याचं वजन तीस किलो. सिमेंटची गोणी पन्नासची असते, हे ज्यांनी घर बांधलंय त्यांना सांगायला नको. माझी आधीची लेझर एकोणसाठ किलोची होती. ती ट्रॉलीवर चढवताना मी दहा वर्षं कुणाला तरी "जरा हात लावता का" म्हणत आले. या बोटीला मी एकटी पुरते. खरं सांगायचं तर सत्तेचाळिसाव्या वर्षी बोट बदलण्याचं अर्धं कारण तेच होतं, बाकीचं सगळं नवऱ्याला पटवण्यापुरतं.

लेझरला नावं ठेवायची नाहीत हं. ब्रूस कर्बींनी रेखलेली ती बोट १९७१ पासून जगभर आहे, १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आता तिला इल्का म्हणतात. आपले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन टोकियोला आणि पॅरिसला तिच्यातूनच उतरले. माझी मी एप्रिलमध्ये क्लबातल्याच एका निवृत्त पोस्टमनकाकांना विकली. ते पंचाहत्तरीला आलेत. विकताना मी त्यांना सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं.

माझं शिक्षण मात्र एंटरप्राइझमधलं. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते, मुंबई बंदरात आम्ही निळ्या शिडांच्या त्या दोन माणसांच्या बोटी चालवायचो. तिथे वारा पडला तरी तुम्ही थांबत नाही. उधाणाच्या दिवसांत चार-पाच मीटरची भरती-ओहोटी, ती तुम्हाला न विचारता घेऊन जाते. आम्ही चुळबुळ करायला लागलो की चीफसाब ओरडायचे, "बोट में मूर्ति बनके बैठो!" तेव्हा मला वाटायचं की हे निव्वळ शिस्तीसाठी आहे. त्यामागे पाण्याचं गणित आहे हे फार उशिरा समजलं.

ते गणित थोडक्यात असं. वारा कमी असला की बोट लाटा उठवण्याइतकी वेगातच नसते. तिला अडवतं ते मुख्यतः बुडाला घासणारं पाणी. म्हणून भिजलेला पृष्ठभाग कमी करायचा. शक्य तेवढं पुढे सरकून बसायचं, म्हणजे मागचा सपाट भाग पाण्यातून वर येतो, आणि बोट किंचित शिडाच्या बाजूला कलवायची. त्या कलण्याने शीड आपल्याच वजनाने आकारात लोंबतं, तेही फुकट मिळतं. बरोबर बसलाय का, ते कानाने कळतं. मागून गुळगुळ आवाज येत असेल तर पुढे सरका. आवाज बंद झाला की तिथेच थांबा. आणि हललात की पुन्हा पहिल्यापासून, कारण तुमच्या प्रत्येक हालचालीने शिडावरून कसाबसा वाहणारा वारा झटकला जातो.

आमच्यासारख्यांच्या नव्वद टक्के चुका दोर ओढण्याच्या असतात. बोट चालत नाही म्हणून शीड आत ओढायचं, ते आणखी गुदमरतं, मग आणखी ओढायचं. मंद वाऱ्यात उलट सोडायचं असतं, शिडाची मागची कड उघडी राहील इतकं. वारा कसा वाहतोय ते दाखवणारे शिडावरचे लोकरीचे धागे खोटं बोलत नाहीत. माझा हात बोलतो.

त्या दिवशी क्लबच्या शर्यती होत्या, पंधरा बोटी. वारा नैऋत्येचा, तीन नॉट, कधी चार. म्हणजे ताशी पाच-सात किलोमीटर, शनिवारवाड्याबाहेर फिरणारी आजीसुद्धा तेवढ्याला पदर सावरणार नाही. सुरुवातीची खूण पाच मिनिटांची, मग चार, मग एक. लेझरमध्ये माझी ठरलेली पद्धत होती: रेषेच्या दोन-तीन बोटी मागे शीड सैल सोडून थांबायचं, ती जडपणाने घसरत पुढे येत राहायची आणि वेळ बरोबर जुळायची. एका मिनिटाला मी तेच केलं. एरो थांबली. ताटलीत ठेवलेल्या इडलीसारखी थांबली. पंधरा सेकंद उरले तेव्हा शीड आत घेतलं, तर पुढे जाण्याऐवजी ती आडवी सरकायला लागली. बुडातून खाली पाण्यात उतरणाऱ्या डॅगरबोर्डवरून पाणी वाहत नसेल तर तो धरायचं काम करतच नाही, तोवर तो नुसती एक फळी असतो. मी सरकत सरकत शेजारच्या बोटीच्या वाऱ्याआड गेले आणि सगळे गेल्यावर निघाले.

लेझर आपल्या एसटीसारखी होती. निघायला वेळ, पण एकदा निघाली की ड्रायव्हरने पाय काढला तरी पुढच्या थांब्यापर्यंत जाते. या बोटीकडे साठवलेलं काहीच नाही. मिळालेला वेग ती तिथल्या तिथे खर्च करते. पण त्याचीच दुसरी बाजू मला पाच मिनिटांनी दिसली. डावीकडे पाण्यावर एक काळपट सुरकुती येताना दिसली, दोन खोल्यांएवढी असेल. ती मला लागली आणि लोकरीचा धागा उचलायच्या आधी बोट निघालेली होती. शेजारच्या लेझरला तीच झुळूक लागली. तिच्या मालकाने बहुतेक दोनपर्यंत आकडे मोजले असतील, मग ती हलली. तेवढ्यात मी त्याच्या पुढे. अशा तीन झुळका, तीन बोटी. मी तोंड बंद ठेवून हसत होते, मूर्ती बनून.

मग हाव सुटली. वाऱ्याच्या दिशेने सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं, त्यातलं प्रत्येक वळण म्हणजे टॅक. वारा जरा फिरला की मी टॅक करायला लागले. रोल टॅक म्हणजे वळताना बोट एका बाजूला कलवून अंग दुसरीकडे टाकायचं, शीड पंख्यासारखं हवा ढकलतं आणि वळणात गेलेला वेग परत मिळतो. शर्यतीचा नियम ४२ सांगतो की तो गेलेला वेग परत मिळवा, त्याहून जास्त नको. जास्त! मला निम्मासुद्धा मिळत नव्हता. माझा गुडघा टिलरच्या, म्हणजे सुकाणूच्या, लांब दांड्यात अडकायचा, मी धपकन बसायचे आणि हलकी बोट त्या धपक्याने जागच्या जागी डुलत राहायची. लेझरने माझे असे हजार टॅक पोटात घातले होते. हिने एकाही टॅकला पांघरूण घातलं नाही. चार टॅकमध्ये मी त्या तिन्ही बोटी परत दिल्या.

दुसऱ्या शर्यतीत ठरवलं की वाऱ्याकडच्या वरच्या बोयापर्यंत दोनच टॅक, मग वारा कितीही खुणावो. सुरुवातीला थांबलेच नाही, रेषेला समांतर सावकाश चालत राहिले आणि वेळ झाल्यावर वळले. बोया चौथ्या नंबरवर घेतला. वाऱ्याबरोबरच्या टप्प्यात फार काही करण्यासारखं नव्हतं, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, आत पडू नये म्हणून बोट त्या बाजूला कलती ठेवायची आणि मागून येणारी झुळूक मान वळवून शोधायची. एकदा चर्चच्या बाजूला ऑस्प्रे दिसला, मासे धरणारा तो शिकारी पक्षी, इथे १९९६ पासून त्यांना परत वसवलं आहे. तो स्थिर पंखांवर तरंगत होता. मी बघत राहिले आणि अर्थातच एक बोट पुढे गेली.

वाऱ्याविरुद्धच्या शेवटच्या चढाईत एक चांगला झोत आला. चांगला म्हणजे सहा नॉट. मी उत्साहाने बाहेर झुकले आणि त्याच क्षणी तो संपला. शीड रिकामं, मी बाहेर, बोट तीस किलोची, माझं वजन सत्तर. सावकाश, अगदी समारंभपूर्वक, ती माझ्या बाजूला उलटली. जोराच्या वाऱ्यात पडलं तर लोक "अरेरे" म्हणतात. तीन नॉटमध्ये पडलं तर कुणी काही बोलत नाही, सगळे विनयाने दुसरीकडे बघतात. एक मात्र आहे, ती सरळ करायला मला अर्धा मिनिटही लागला नाही.

पाण्यावर पाचवी आले. पण इथे वेगवेगळ्या बोटी एकत्र पळतात, त्यामुळे वेळेला पोर्ट्‌समथ यार्डस्टिकचा भागाकार लागतो. लेझरचा आकडा ११०० च्या आसपास, माझ्या बोटीचा १०६५ च्या आसपास. आकडा कमी म्हणजे बोट वेगवान समजली जाते. पंचेचाळीस मिनिटांच्या शर्यतीत मला लेझरच्या साधारण दीड मिनिट आधी पोचायला हवं. माझ्या मागच्या लेझरच्या मी पन्नास सेकंद आधी पोचले होते. ती लेझर पोस्टमनकाकांची होती. भागाकारानंतर ते दुसरे, मी सातवी.

शीड गुंडाळत होते तेव्हा काका शेजारीच माझ्या जुन्या बोटीचं मागचं बूच काढून ती कलती करून उभे होते. पाण्याची बारीक धार बराच वेळ पडत होती. त्यांनी मला विचारलं, हे पाणी आधीपासून येतं का. मी म्हटलं, थोडं. ते म्हणाले, किती थोडं. मी म्हटलं, मंद वाऱ्यात कमी येतं. आणि सीलंटची नळी आणायला गाडीकडे गेले. ती गेल्या सप्टेंबरपासून डिकीत आहे.