रविवार, गाडी आणि गम

बाबांच्या जुन्या मारुती 800च्या सीट काढल्या, कार्पेट काढलं, खालचा नमदाही निघाला. पण तो चिकटवलेला गम आणि त्याखालची डांबरी शीट पत्र्याला पेठेतल्या जुन्या भाडेकरूसारखी धरून बसलेली!

हीट गन मारली की शीट मऊ होते खरी, पण मग पटाशीलाच लडबडते आणि मागे काळे धागे ओढत येते. नाना पेठेतले स्पेअर पार्टवाले काका म्हणाले, "तापवताय कशाला? गारठवा." मग ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणला. उणे 78 अंश, त्यामुळे जाड हातमोजे हवेतच. तुकडे शीटवर पसरून थोडं थांबलं की पत्र्यातून बारीक कटकट ऐकू येते. हातोडीचा हलका टोला, आणि तळहाताएवढी खपली खालच्या पिवळट रंगासकट स्वच्छ सुटते. काय सुख आहे म्हणून सांगू!

दारं मात्र सताड उघडी ठेवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खालीच साठतो, आणि आपलं डोकंही नेमकं तिथंच असतं.

राहिलेला पिवळा गम थंडीला भीक घालत नाही. त्याला टर्पेंटाइनचा ओला बोळा आणि प्लास्टिकचा स्क्रेपर. शेजारच्या आजोबांनी पेट्रोल सुचवलं. बंद पार्किंगमध्ये पेट्रोल! नमस्कार केला.

ड्रायव्हरच्या पायाखाली गंज निघालाय, दाराच्या म्हाताऱ्या रबरातून झिरपलेलं पावसाचं पाणी. रेड ऑक्साइड मारायच्या आधी तो घासायला हवा. कोथरूडच्या आसपास कुणाकडे अँगल ग्राइंडर आहे का? वायर ब्रश माझा.