चार बावन्न ते पाच अकरा

शुक्रवार, २६ जुलै २०२४, रात्री साडेदहा

नोंदवहीचं ते पान आज मी पाच-सहा वेळा उघडून पाहिलं. ४:५२ ची नोंद माझ्या अक्षरात आहे : "तळमजला, आजी-आजोबा दोघेच, पाणी गुडघ्याच्या वर." तिच्याखाली ५:११ ची नोंद. तीही माझ्याच अक्षरात, फक्त पेन बदललेलं. मधे काहीच नाही. शेरा नाही, सही नाही. एकोणीस मिनिटं आमचा पूर नियंत्रण कक्ष पुण्यात कुठेच नव्हता.

घरी आल्यापासून हे कुणाला नीट सांगता आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बुधवारी रात्रपाळी माझी होती. कक्षात पाचजण : साहेब, वायरलेसवर बसणारा मुलगा, मुकादमकाका, मावशी आणि मी. संध्याकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. शिवाजीनगरला चोवीस तासांत ११४ मिलिमीटर पडला हे दुसऱ्या दिवशी कळलं, पण त्या रात्री आकड्याची गरज नव्हती. पत्र्यावरचा आवाज इतका होता की फोनवर पलीकडच्याला दोनदा बोलायला सांगावं लागत होतं.

आमचं सगळं लक्ष खडकवासला धरणाच्या विसर्गाकडे, म्हणजे तिथून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याकडे. लोकांना वाटतं की वरची सगळी धरणं भरली की मगच पूर येतो. तसं नाही. पानशेत १०.६५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), वरसगाव त्याहून मोठं, आणि त्यांच्या खाली बसलेलं खडकवासला जेमतेम १.९७ चं. त्याच्या स्वतःच्या पाणलोटात एक रात्र असा पाऊस झाला की ते भरतं, आणि भरलं की सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. पहाटेपर्यंत आकडा पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास गेला. मी हा आकडा नेहमी टँकरमध्ये मोजते, नाहीतर मला तो कळतच नाही. पस्तीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला. भिडे पूल तर याच्या निम्म्या पाण्यातच बुडतो.

आमच्याकडे पाणी नदीकडून आलं नाही, आधी चेंबरमधून आलं. नदीची पातळी पावसाळी गटाराच्या तोंडाच्या वर गेली की गटाराचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं फिरतं. चारच्या सुमाराला आवारातल्या चेंबरचं झाकण खदखदायला लागलं. मावशी बाहेर जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, खालून येतंय." साहेबांनी मान वर केली, "बघू या थोडं." मीही काही बोलले नाही.

इथे मला थांबून लिहायचं आहे. दोन दिवस सगळे म्हणतायत की साहेबांनी उशीर केला. मी त्यांच्या शेजारी बसले होते. चार ते पावणेपाच या वेळात फोन खाली ठेवला की वाजत होता. एकता नगरी, विठ्ठलवाडी, निंबजनगर. गाड्या बुडाल्या, लिफ्ट अडकली, लहान बाळ आहे, वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. अशा वेळी "चला, आवरा, निघू या" म्हणायचं म्हणजे कुणाचा तरी फोन वाजता ठेवून उठायचं. प्रत्येक फोननंतर मला वाटायचं, आता हा एवढा घेऊ, मग बोलू. साहेबांनाही तसंच वाटत असणार. आम्ही निष्काळजीपणाने बसून राहिलो नव्हतो. ज्यांना मदत हवी होती त्यांना सोडवत नव्हतं. पण त्यामुळेच पुढच्या एकोणीस मिनिटांत ज्यांनी फोन केला असेल त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि माझ्या डोक्यात त्या एकमेकींना खोडत नाहीत.

४:५२ च्या फोनवरच्या आजी पत्ता सांगत होत्या. पत्ता पूर्ण झाला आणि साहेब ओरडले, "मेन स्विच पाडा!" पाणी उंबरठा ओलांडून बोर्डाच्या दिशेने निघालं होतं. स्विच पाडला ते बरोबरच केलं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण मुलं गेली. आमच्या कक्षात पाचजण होते.

पण स्विच पाडला आणि फोनही गेला. जुने लँडलाइन वीज नसतानाही चालायचे, आताचा फोन मोडेमवर चालतो. मोडेम इन्व्हर्टरवर होता, आणि इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर, पाण्यात. कॉल दुसरीकडे वळवायची सोय आहे, पण ती फोन चालू असताना करून ठेवावी लागते. आमच्या मान्सूनपूर्व आराखड्यात "पर्यायी जागा" या रकान्यात चढावरच्या प्राथमिक शाळेचं नाव व्यवस्थित टाइप केलेलं होतं. ते मीच टाइप केलं होतं. शाळेची किल्ली कुणाकडे असते, तिथे फोन कसा वाजेल, हे त्या रकान्यात लिहायला जागा नव्हती आणि मी जागा केली नाही.

काय उचलायचं? टॉर्चच्या उजेडात जे दिसलं ते. वायरलेसच्या मुलाने सेट आणि अँटेनाची वायर घेतली, त्याची जड बॅटरी साहेबांनी खांद्यावर. मावशींकडे दोर, टॉर्च आणि कोरड्या टॉवेलांचं बोचकं. मी नोंदवही, वॉर्डाचा नकाशा आणि मोबाइल एका प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पोटाशी धरले. मुकादमकाका मात्र टेबलावरची काच उचलायला लागले. काचेखाली सगळे नंबर लावलेले आहेत : पंपवाला, जेसीबीवाला, बोट, दवाखाने, सोसायट्यांचे अध्यक्ष. दमटपणाने तो कागद काचेला चिकटून बसलेला, निघेना. मी म्हटलं, फोटो काढते. ते म्हणाले, "मॅडम, फोनची बॅटरी संपली की फोटो गेला. काच राहील." आणि ती चार फुटी काच डोक्यावर धरून, मांडीपर्यंतच्या पाण्यात पाय घासत, ते सगळ्यांच्या पुढे चालले. उघडी चेंबर कुठे आहेत हे त्यांना पाठ आहे. आम्ही त्यांच्या पाठोपाठ, त्यांनी ठेवलेल्या पावलावर पाऊल ठेवत.

शाळा चढावर, पाच-सात मिनिटांची वाट. पण पाण्यातली पाच मिनिटं वेगळी असतात. त्या पूर्ण वाटेत आजींचा पत्ता जगात फक्त माझ्याकडे होता. पावसात पिशवी उघडता येत नव्हती. मी तो पत्ता तोंडाने म्हणत चालले होते, लहानपणी दुकानात पाठवल्यावर सामानाची यादी म्हणत जायचो तसा.

फाटकाला कुलूप. शिपाईदादा धायरीला राहतात. काकांनी काच मावशींच्या हातात दिली, पहार शोधली आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "तोडा. माझ्या नावावर तोडा." वरच्या मजल्यावर पहिलीच्या वर्गात आम्ही शिरलो. मुलाने अँटेना खिडकीच्या गजाला बांधली, दोनदा खरखर झाली आणि शहराच्या मुख्य कक्षाचा आवाज आला. ५:११. ती नोंद फोनची नाहीच. मी वायरलेसवरून आजींचा पत्ता पुढे दिला, त्याची आहे.

मग आमचे पाचही खासगी मोबाइल नंबर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत माझा फोन वाजायला लागला आणि रात्रीपर्यंत वाजत राहिला.

पहिलीचे बाक इतके बुटके की गुडघे हनुवटीला लागत होते. फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी आखलेला तक्ता तसाच होता : पट, उपस्थित, गैरहजर. साहेबांनी आतले आकडे पुसले आणि रकाने तसेच ठेवले. प्रत्येक सोसायटीपुढे पट म्हणजे अडकलेली माणसं, उपस्थित म्हणजे सुखरूप बाहेर आलेली, गैरहजर म्हणजे अजून आत असलेली. दिवसभर मी खडूने गैरहजरचा आकडा कमी करत होते. अग्निशमन दलाची बोट त्या आजी-आजोबांपर्यंत पोहोचली तेव्हा मी तो दोनाने कमी केला आणि वर्गाच्या कोपऱ्यात जाऊन रडले. मावशी मागे आल्या, काही बोलल्या नाहीत, टॉवेल दिला.

काल रात्री घरी आले तेव्हा आई जाग्याच होत्या. माझ्या सासूबाई, शनिवार पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला, पानशेत धरण फुटलं त्या दिवशी, नऊ वर्षांच्या होत्या. तो दिवसही बुधवारच. त्यांनी मला गरम पाणी काढून दिलं, पाय बघितले, आणि पहिला प्रश्न विचारला, "फोन उचलत होतात ना गं तुम्ही?"

मी हो म्हटलं. पूर्ण खरं नव्हतं.

आई पानशेतची गोष्ट क्वचित सांगतात. काल सांगितली. सकाळी गल्लीत कुणी म्हणे धरण फुटलं, कुणी म्हणे अफवा आहे, घरी बसा. त्यांचे वडील विचारायला चौकात गेले, तिथे दहा माणसं दहा गोष्टी सांगत होती. विचारायचं कुणाला? मग पाणीच आलं. आई आपल्या आजीचा हात धरून पर्वतीकडे पळाल्या. नंतर कित्येक दिवस नळ कोरडे, कारण खडकवासलाही फुटलेलं. वाड्यांतल्या विहिरींवर रांगा.

आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचली होती, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या पोत्यांनी धरण काही तास जास्त टिकलं, आणि पाणी झोपेतल्या शहरावर न येता दिवसाउजेडी आलं. नाहीतर किती माणसं गेली असती कोण जाणे. मला मात्र दुसरी गोष्ट खुपते. अंधारात, चिखलात पोती वाहून जवानांनी जे तास मिळवले, ते पेठांमधल्या घरांपर्यंत पोहोचवायला कुणी नव्हतं. तास होते, निरोप नव्हता. आमचा कक्ष असतो तो त्या निरोपासाठी. बोटी आम्ही चालवत नाही, पाणी आम्ही अडवत नाही. आम्ही फक्त "हॅलो, बोला" म्हणतो आणि ऐकलेलं पुढे देतो. म्हणून ती रिकामी जागा मला बघवत नाही.

आज दुपारी चहा पिताना मावशी सहज म्हणाल्या, "घर बदलताना आधी चूल जाते, मग माणसं. आपण माणसं घेऊन निघालो आणि चूल मागेच विझली." मी साहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

गुरुवार, १ ऑगस्ट

माझा नंबर अजून वाजतोय. पंचनामा कधी, क्लोरीनच्या गोळ्या कुठे मिळतील, पार्किंगमधला गाळ कोण काढणार. मी नंबर बदलावा असं ह्यांना वाटतं. इतक्यात नाही बदलणार.

आज सकाळी एका काकांचा फोन आला. विजेच्या मीटरमध्ये गाळ गेलाय, कुणाकडे अर्ज करू? मी सगळं समजावून सांगितलं. ठेवता ठेवता ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी पहाटे मी तुमच्या ऑफिसला लावला होता. पाच वाजून दोन मिनिटांनी. लागलाच नाही." आवाजात राग नव्हता. मी विचारलं, मग काय केलंत? म्हणाले, बायकोला घेऊन जिन्यात बसलो, पाणी पायरी पायरी वर यायला लागलं तसे आम्ही पायरी पायरी वर सरकलो. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दार उघडलं.

मी त्यांना काय झालं होतं ते सांगितलं. स्विच, मोडेम, शाळेचं कुलूप, सगळं. काका थोडं थांबले. मग म्हणाले, "असं होय. मला वाटलं तुम्ही लोक पळून गेलात."

नोंदवहीत मागाहून काही भरायचं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, शिसपेन्सिलीने लिही, आजची तारीख टाक आणि सही कर. ४:५२ आणि ५:११ च्या मधे आता एक ओळ आहे : "५:०२. दोन व्यक्ती, जिन्यात. फोन लागला नाही. १/८ रोजी कळले."

बाकीची जागा तशीच आहे.

रविवार, ४ ऑगस्ट

पुन्हा विसर्ग वाढवला. एकता नगरीत लष्कराची तुकडी आली आहे. लोक या वेळी स्वतःहून बाहेर पडतायत, गाड्या कालच चढावर लावून ठेवल्यात.

आवारातलं चेंबर अजून शांत होतं तेव्हाच साहेब उठले. काच घेऊन मुकादमकाका आणि वायरलेसचा मुलगा पुढे गेले. बॅटरी, दुसरा सेट आणि कक्षाच्या नावाने घेतलेला मोबाइल त्यांच्याबरोबर. शाळेची एक किल्ली आता आमच्या खिळ्याला असते. मी आणि मावशी इथेच थांबलो, फोन घेत. लँडलाइन वळवली आणि मी माझ्या मोबाइलवरून आमचाच नंबर लावून पाहिला. दोनदा रिंग गेली.

"पूर नियंत्रण कक्ष, बोला," काका म्हणाले. मागे कुणीतरी बाक सरकवत होतं. "मॅडम, आवाज येतोय का?"

येतोय म्हटलं. मग मावशींनी इथला मेन स्विच पाडला.