एकशेवीस व्होल्टचा पाहुणा

रावेरच्या एका जुन्या घरातून पायोनियरचा एसएक्स-६५०, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेला जुना सेट, उचलून आणला, तेव्हा आईने दारातच विचारलं, "हाई काय शे?" रेडिओ, म्हटलं. "एवढा मोठा? वाजी का हाई?" खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. साडेसहा हजार मोजले होते आणि सेट लावूनही पाहिला नव्हता.

लावून न पाहण्याचं कारण आहे. माझा पहिला सेट मीच जाळला. जपानमधला, शंभर व्होल्टचा. मी आनंदाच्या भरात सरळ भिंतीतल्या प्लगला लावला. दिवसभर पंपांचे स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस मी, पण घरी आल्यावर अक्कल खुंटीला टांगली. जळालेल्या मोटारीचा वार्निशचा वास येतो ना, तोच घरभर. नंतर समजलं, तो जळाला नसता तरी एफएमवर फारसं काही लागलं नसतं. जपानच्या त्या जुन्या सेटांचा एफएम पट्टा ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असतो, आपला ८८ पासून १०८ पर्यंत.

म्हणून या वेळी आधी मागची पाटी वाचली. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मालकांच्या काकांनी अमेरिकेहून आणलेला. १९७६ चं मॉडेल, प्रत्येक बाजूला ३५ वॅट. नॉब सगळे जागेवर, आतले स्क्रू कुणी छेडलेले नाहीत. हेच मला हवं असतं. आधी कुणी 'दुरुस्त' केलेला सेट नको रे बाबा, आणि एसटीके आयसीवाला, म्हणजे आवाज वाढवणारं सगळं सर्किट एकाच चिपमध्ये असलेला, तर मुळीच नको. बाजारात नकली आयसीच जास्त.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला एक गोष्ट बरी, वाइंडिंगवाले पाहिजे तेवढे. केळीच्या पंपांवर त्यांचं पोट. आमच्या नेहमीच्या वाइंडिंगवाल्याला सांगितलं, २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर बांधून दे. तो म्हणाला, पाटीवर तर १२० आहे. मी म्हटलं, खरं, पण सेटमधला ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, त्याला व्होल्टेज थोडं कमीच द्यावं. शिवाय आमच्या मळ्यातलं घर: पंप चालू असले की मीटर १९५ दाखवतं, बंद झाले की २५०. ११० चं गणित धरलं की २५० ला सुद्धा सेटला १२० च्या आतच मिळतात.

मग सिरीज बोर्ड, म्हणजे सेटची वीज आधी एका बल्बमधून न्यायची; आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटलेलाच राहतो. शंभर वॅटचा बल्ब एकदा भडकून मंद झाला, तेव्हा जीव भांड्यात पडला. स्पीकर न जोडता त्या जागी मीटर लावला, स्पीकरला घातक असलेला डीसी किती येतो ते पाहायला. एक बाजू १२ मिलिव्होल्ट, दुसरी ३८. पन्नासच्या आत असलं की मी पुढे जातो.

खरं काम कंडेन्सरचं. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, सेटच्या आत त्याहून जास्त. दर दहा अंशांना कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे या भागात राहणाऱ्याने लक्षात ठेवावं. जुने ८५ अंशांपर्यंत सोसणारे काढून सगळे १०५ वाले घातले. एकेक काढायचा, तिथेच नवा लावून डाख द्यायचा, मगच दुसऱ्याला हात. उलट्या टोकाने लावला तर फटाकाच. चार रविवार गेले. व्हॉल्यूमची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. डायलच्या दोरीला मी हात लावला नाही, ती तुटली की माणूस रडतो.

एफएमवर स्टेशन लागलं, पण आवाज दबका, गोधडीखालून आल्यासारखा. एफएम स्टेशन बारीक आवाज मुद्दाम वाढवून पाठवतं आणि सेट तो परत कमी करतो, त्याला डी-एम्फसिस म्हणतात; अमेरिकेत त्याचं माप ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०, म्हणून हा सेट तो जास्तच दाबत होता. तिथले दोन छोटे कंडेन्सर काढून दोन तृतीयांश क्षमतेचे बसवले आणि गोधडी निघाली. अँटेना म्हणून कृष्णधवल टीव्हीच्या काळातली चपटी वायर माळ्यावर सापडली. तिचा दीड मीटरचा तुकडा पुरला.

आई आता दुपारी माझ्या आधी सेट लावते. मी ऐकायला बसतो रात्री. मध्येच डायलचा दिवा किंचित बसतो, आवाज मात्र तसाच. मग कळतं, थ्री फेज आली, शेजारच्या मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या.