सेवापुस्तकातली उंची

2023 च्या जुलैत कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या अंगणात मी पडले. पाऊस आठवडाभर लागून राहिला होता, शहाबादी फरशीवर शेवाळ धरलं होतं. तुळशीकडं वळताना पाय सरकला, उजवा हात टेकला आणि मनगटातून कट्टकन आवाज आला. उठून बघितलं तर हात मनगटाजवळ काट्या-चमच्यासारखा वाकलेला.

आमच्याकडं हाडाचं काही झालं की आधी तालीम आठवते. वस्तादांनी निखळलेले सांधे बसवल्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. दिरांनी मला हाड बसवणाऱ्या एकाकडं नेलं. त्यांनी हात ओढला, लेप लावला, बांबूच्या कामट्या घालून आवळून बांधलं. रात्री बोटं सुजून निळसर झाली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पडली. मी सकाळपर्यंत कळ काढली. ती काढायला नको होती. बांधलेल्या हाताची बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

सकाळी दवाखान्यात पहिल्यांदा ते बांधलेलं कापलं. एक्स-रे झाला, हात बधिर करून हाड ओढून जागेवर आणलं, कच्चं प्लास्टर घातलं, सूज उतरल्यावर पक्कं. मनगटाच्या या मोडीचं वर्णन अब्राहम कॉलिस नावाच्या आयरिश सर्जननं 1814 साली केलं, म्हणून हिला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. तेव्हा एक्स-रे नव्हता; त्यानं हे नुसतं हात बघून, चाचपून ओळखलं होतं.

प्लास्टर झालं, आता सहा आठवडे, एवढ्यावर विषय संपला असं मी धरून चालले होते. पण डॉक्टरांनी विचारलं, “पडलात कुठून? जिन्यावरून?”

“नाही, उभ्या उभ्याच.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, नुसतं उभ्या उंचीवरून पडून मोठ्या माणसाचं हाड मोडायला नको. मोडलं, तर ते का मोडलं हे शोधायला हवं. मग पाळी कधी गेली ते विचारलं. माझी पिशवी 41 व्या वर्षी काढली होती, दोन्ही अंडाशयांसकट. या अठरा वर्षांत त्याचा हाडांशी संबंध मला कुणी सांगितला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता. शेवटी त्यांनी उंची मोजली: 153 सेंमी.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. घरी येऊन सेवापुस्तकाची प्रत काढली. पहिल्याच पानावर नोकरीला लागतानाची उंची लिहिलेली असते. माझी होती 157. चार सेंटिमीटर कुठं गेले?

वर्गात मी वर्षानुवर्षं हाडांचा तक्ता लावून शिकवलं. मोठ्या माणसात 206 हाडं, सर्वांत लांब मांडीचं, सर्वांत लहान कानातलं. सांगाडा आपल्याला आधार देतो, बरगड्या हृदय-फुप्फुसांना जपतात, कवटी मेंदूला. मुलांना मी घराच्या वाशांचं उदाहरण द्यायची. वाशाला वाळवी लागू शकते, पण वासा स्वतःला दुरुस्त करत नाही. हाड करतं, कारण ते जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवं भरतात, आणि हे काम जन्मभर चालतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलतो. मणक्यांतल्या आणि छातीच्या हाडातल्या मज्जेत रक्ताच्या पेशी तयार होतात. अंगातलं 99 टक्के कॅल्शियम हाडात आणि दातांत असतं. हृदय, स्नायू, नसा चालायला रक्तात जेवढं लागतं तेवढं आहारातून मिळालं नाही, तर शरीर ते हाडातून उचलतं. तिशीपर्यंत साठवण होते, पुढं हळूहळू घट. अंडाशयांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आहे तोवर पोखरणाऱ्या पेशी आवरलेल्या असतात. पाळी गेली की आवर सुटतो, आणि माझा तो एका ऑपरेशनमध्ये एकदम सुटला होता.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीची मला उगाच भीती वाटत होती. टेबलावर उताणं पडायचं, वरून यंत्राचा हात सरकत जातो, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. सुई नाही, नळीत शिरायचं नाही. कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता तरुण निरोगी हाडाशी ताडून टी-स्कोअर काढतात. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 मध्ये हाड विरळ झालेलं, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. माझा मणक्यांचा उणे 3.1 आला. पाठीच्या एक्स-रेत एक मणका पुढच्या बाजूनं दबलेला दिसला. तो कधी मोडला मला ठाऊकच नाही. मणके असे गुपचूप मोडतात.

रक्तात व्हिटॅमिन डी 11 निघालं. 20 च्या खाली म्हणजे कमतरता. हे कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही. लहानपणी फार कमी पडलं तर मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठेपणी हाडं मऊ पडतात आणि ठणकतात. थायरॉइड, पॅराथायरॉइड, किडनी यांच्याही तपासण्या केल्या, कारण कधी कधी ठिसूळपणाचं मूळ तिथं असतं.

माझ्यासाठी शेजारणी डब्यातून पांढरा रस्सा घेऊन यायच्या. “मटणाच्या हाडाचा हाय, हाडाला हाड धरतं.” त्यांची माया मी विसरणार नाही, पण हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही. त्यापेक्षा गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळून देतात ते म्हशीचं दूध, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी यांतून कितीतरी जास्त मिळतं. दूध मात्र मी आता घरी आणून तापवूनच पिते.

आधी आठ आठवडे, दर आठवड्याला डीचं एक पाकीट दुधातून. मग दाताच्या डॉक्टरांकडून दात तपासून घेतले, कारण पुढचं औषध सुरू झाल्यावर दात काढायची वेळ आली तर क्वचित जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. त्यानंतर हाडांचं पोखरणं मंदावणारं झोलेड्रॉनिक ॲसिड, वर्षातून एकदा सलाइनमधून. याच जातीची गोळीही असते, पण ती उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. मला आम्लपित्ताचा जुना त्रास, म्हणून सलाइन. दुसऱ्या दिवशी सणसणून ताप आला, अंग मोडून आलं. दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. पहिल्या डोसला असं होतं हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

प्लास्टर निघाल्यावर मनगट लाकडासारखं झालं होतं. फिजिओथेरपीत महिने गेले. कणकेचा गोळा दाबत बसायचे, बालदी मात्र बरेच दिवस उचलता आली नाही.

या सगळ्यात माझ्या डोळ्यांसमोर सारखी आई येत होती. ती कागलला भावाकडं असते, वय 82. गेली दहा-बारा वर्षं तिला पोक आलेलं. मधे एकदा, धान्याचं पोतं सरकवल्यावर, ती महिनाभर पाठ धरून होती. आम्ही बाम चोळला आणि वय झालं म्हटलं. कामाच्या घाईत माझ्याही तोंडून एकदा गेलं होतं, “आई, सोंग पुरे.”

ताप उतरल्यावर पुढच्याच आठवड्यात तिला गाडीत घालून आणलं. एक्स-रेत तीन मणके चेपलेले होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून तिला बोटानं एकेक दाखवला. मोडी जुन्याच, चेपलेल्या आकारातच भरून आलेल्या. तीही डोळे बारीक करून बघत राहिली. मग माझ्याकडं वळून हळू म्हणाली, “म्हंजे तवा मी सोंग करत न्हवतो तर.”